रेड हॅटवर पॅकेज बसत नाही? पुन्हा रजिस्टर करण्याआधी एरर नीट वाचा

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत नव्याने लागलेल्या सिस्टिम ॲडमिनने विचारलंय. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ चा सर्व्हर आहे, त्यावर रूबी (प्रोग्रामिंग भाषा) सोर्सवरून बिल्ड करायचंय आणि त्यासाठी ‘लिबयाम्ल-डेव्हेल’ हे पॅकेज हवंय. डीएनएफ (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) म्हणतो ‘नो मॅच फॉर आर्ग्युमेंट’. सर्व्हर रजिस्टर केलेला आहे, पण स्टेटस पाहिलं तर ‘ओव्हरऑल स्टेटस: डिसेबल्ड’. सबस्क्रिप्शन अटॅच करायला गेलं तर ‘इग्नोरिंग रिक्वेस्ट’. टीममधले सीनियर सांगतात, अनरजिस्टर करून परत रजिस्टर कर. मित्र सांगतो, सेंटओएसचं (रेड हॅटशी मिळतंजुळतं मोफत लिनक्स) रेपो, म्हणजे पॅकेजेसचा साठा, टाक, दोन मिनिटांत काम होईल. यातलं कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. आधी तुमचं अडलेलं काम मोकळं करू. हे पॅकेज बेसओएस आणि ॲपस्ट्रीम या नेहमीच्या दोन रेपोंमध्ये नाही. ते कोडरेडी बिल्डर या रेपोमध्ये आहे, आणि ते रेपो सुरुवातीपासून बंदच असतं. ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर रेपोज --लिस्ट’ दिलंत की लांबलचक यादीत ते दिसेल आणि त्याच्यासमोर ‘इनेबल्ड: ०’ असेल. ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर रेपोज --इनेबल’ लिहून पुढे ‘कोडरेडी-बिल्डर-फॉर-आरएचईएल-९-एक्स८६_६४-आरपीएमएस’ हे नाव द्या आणि मग इन्स्टॉल करा. (इथे देवनागरीत दिलेल्या कमांड टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगनेच द्यायच्या.) फक्त एक ध्यानात ठेवा. कोडरेडी बिल्डरमधली पॅकेजेस डेव्हलपरसाठी असतात, त्यांना रेड हॅटचा सपोर्ट नसतो. बिल्ड सर्व्हरवर ती खुशाल असू द्या. प्रॉडक्शनवर तयार झालेलं रूबी न्या, डेव्हेल पॅकेजेस नेऊ नका. रूबीला चालायला लागणारं मूळ लिबयाम्ल नेहमीच्या रेपोंत मिळतंच.

आता त्या ‘डिसेबल्ड’बद्दल, कारण त्यापायी फार लोकांचे तास वाया जातात. पूर्वी प्रत्येक सर्व्हरला एकेक सबस्क्रिप्शन अटॅच करावं लागायचं. त्या पद्धतीची जागा आता सिंपल कंटेंट ॲक्सेसने घेतली आहे. तुमच्या संस्थेच्या अकाउंटवर चालू सबस्क्रिप्शन असेल आणि सर्व्हर त्या अकाउंटखाली रजिस्टर असेल, तर त्याला कंटेंट मिळतो, अटॅच करायची गरजच उरत नाही. म्हणून अटॅचची रिक्वेस्ट नाकारली गेली. ‘डिसेबल्ड’ झालंय ते जुन्या पद्धतीचं तपासणं, तुमचा सर्व्हर नव्हे. त्याच्या खालची ओळ वाचलीत तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. सबस्क्रिप्शन-मॅनेजरच्या नव्या आवृत्त्यांत त्या जागी सरळ ‘रजिस्टर्ड’ येतं, आणि रेड हॅट १० मधून तर अटॅच ही कमांडच काढून टाकली आहे. कुठल्याही जुन्या लेखात ‘अटॅच --ऑटो’ करा असं सांगितलं असेल, तर तो सल्ला आता कालबाह्य आहे.

मूळ मुद्दा असा की पॅकेज तुमच्यापर्यंत पोचायला एकामागे एक चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली सर्व्हरची ओळख, म्हणजे ‘/ईटीसी/पीकेआय/कन्झ्युमर’मधलं सर्टिफिकेट. दुसरी हक्काचं सर्टिफिकेट, ‘/ईटीसी/पीकेआय/एंटायटलमेंट’मधलं. सर्व्हरला कोणता कंटेंट खुला आहे हे त्यात नोंदलेलं असतं. त्यावरून तिसरी, ‘रेडहॅट.रेपो’ ही फाइल, आपोआप तयार होते. आणि चौथी, डीएनएफ ते सर्टिफिकेट दाखवून सीडीएनवरून (रेड हॅटच्या डाउनलोड सर्व्हरांवरून) डाउनलोड करतो. यातली कोणती कडी तुटली आहे हे एरर जवळजवळ नेहमीच सांगतो. पण लोक ‘एरर’ एवढंच वाचतात आणि थेट अनरजिस्टरकडे वळतात.

एरर असे वाचायचे. ‘धिस सिस्टिम इज नॉट रजिस्टर्ड’ आलं तर पहिली कडी. ‘धिस सिस्टिम हॅज नो रिपॉझिटरीज अव्हेलेबल थ्रू सबस्क्रिप्शन्स’ आलं तर दुसरी: अकाउंटवर चालू सबस्क्रिप्शन आहे का, ते पर्चेस किंवा लायसन्स बघणाऱ्या माणसाला विचारा. ‘रिपॉझिटरीज डिसेबल्ड बाय कॉन्फिगरेशन’ आलं तर तिसरी कडी: ‘आरएचएसएम.कॉन्फ’ या सबस्क्रिप्शन-मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये कुणीतरी ‘मॅनेज_रेपोज’ शून्य करून ठेवलंय. ‘फेल्ड टू डाउनलोड मेटाडेटा’ आलं तर चौथी कडी: नेटवर्क, प्रॉक्सी किंवा सर्टिफिकेट. आणि ‘नो मॅच’ आलं, तर बहुतेक वेळा चारही कड्या ठीक असतात. रेपो बंद आहे, किंवा नाव चुकलंय, एवढंच.

नाव चुकण्याचं प्रमाण वाटतं त्याहून बरंच जास्त आहे. नेटवरचे बहुतेक लेख उबंटू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. तिथलं ‘लिबयाम्ल-डेव्ह’ इथे ‘लिबयाम्ल-डेव्हेल’ होतं, ‘लिबएसएसएल-डेव्ह’चं ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’ होतं, आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ला इथे ‘डेव्हलपमेंट टूल्स’ हा ग्रुप आहे. नावाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा फाइलवरून शोधा. कंपायलर ‘याम्ल.एच सापडत नाही’ म्हणून थांबला असेल, तर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ला त्याच फाइलचं नाव द्या, आधी तारका आणि स्लॅश लावून. मात्र प्रोव्हाइड्स फक्त चालू रेपोंतच शोधतो. काही मिळालं नाही तर तेवढ्यापुरतं ‘--इनेबलरेपो’ने कोडरेडी बिल्डर उघडून पुन्हा विचारा. आणि रेपो चालू-बंद करण्यासाठी ‘रेडहॅट.रेपो’ हाताने एडिट करू नका. ती फाइल पुन्हा तयार होते आणि तुमचा बदल पुसला जाऊ शकतो.

पहिल्या कडीत सर्वांत फसवं दुखणं असतं ते क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनचं. टेम्प्लेट एकदा रजिस्टर केलं जातं आणि मग त्यावरून सर्व्हर काढले जातात. त्या सगळ्यांची ओळख एकच. रेड हॅटच्या पोर्टलवर एकच नोंद दिसते आणि तिचं होस्टनेम अधूनमधून बदलत राहतं. काही दिवस सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी त्यातला एक सर्व्हर नीट करावा म्हणून त्याच्यावर अनरजिस्टर करतो. अनरजिस्टर पोर्टलवरची नोंदच पुसतो, त्यामुळे त्याच ओळखीवर चालणारे बाकीचे सर्व्हरही उघडे पडतात. त्यांच्यावर मेसेज येतो की कन्झ्युमर प्रोफाइल सर्व्हरवरून डिलीट झालंय. त्या सर्व्हरवर तर कुणी हात लावलेला नसतो, म्हणून टीम चक्रावून जाते. दोन सर्व्हरवर ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर आयडेंटिटी’ चालवा आणि यूयूआयडी (सर्व्हरचा ओळख क्रमांक) ताडून पाहा. सारखे निघाले तर क्लोनवर ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर क्लीन’ द्या. क्लीन फक्त त्या मशीनवरच्या फाइली काढतो, पोर्टलला हात लावत नाही. मग तो क्लोन नव्याने रजिस्टर करा. आणि टेम्प्लेट बंद करण्याआधी त्याच्यावरही क्लीन झालेलं असलं पाहिजे. हे डिप्लॉयमेंटच्या चेकलिस्टमध्ये लिहूनच ठेवा.

चौथी कडी मुंबईतल्या ऑफिसांत सर्वाधिक त्रास देते. बीकेसीतली वित्तसंस्था असो की ऐरोलीतलं डेटा सेंटर, सर्व्हरला थेट इंटरनेट कुणी देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण फायरवॉलची रिक्वेस्ट भरताना लोक ‘सबस्क्रिप्शन.आरएचएसएम.रेडहॅट.कॉम’ एवढं एकच नाव देतात. रजिस्ट्रेशन त्या नावावर होतं. पॅकेजेस मात्र ‘सीडीएन.रेडहॅट.कॉम’वरून येतात. म्हणून रजिस्टर झटक्यात होतं आणि मेटाडेटा डाउनलोड होताना सर्व्हर लटकतो. दोन्ही नावं पोर्ट ४४३ वर खुली हवीत. सीडीएनचं नाव रिझॉल्व्ह करून मिळालेला आयपी रूलमध्ये टाकू नका. तो बदलत राहतो, आज चाललेलं पुढच्या आठवड्यात बंद पडेल. रूल होस्टनेमवरच मागा.

नाव खुलं आहे, तरीही सर्टिफिकेटचा एरर येतोय? मग फायरवॉल ट्रॅफिक उघडून तपासतोय का ते पाहा. ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट सीडीएन.रेडहॅट.कॉम:४४३’ चालवा आणि ‘इश्युअर’ची ओळ वाचा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉलचं नाव असेल तर उत्तर मिळालं. यावर पहिला उपाय म्हणून लोक कंपनीचं रूट सर्टिफिकेट सिस्टिमच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये टाकतात. त्याने काम होत नाही, कारण ‘रेडहॅट.रेपो’मधली रेपो सिस्टिमचं ट्रस्ट स्टोअर बघतच नाहीत. ती ‘/ईटीसी/आरएचएसएम/सीए’मधली रेड हॅटचीच सीए फाइल बघतात. मग कुणी ‘एसएसएलव्हेरिफाय’ (सर्टिफिकेट तपासण्याची सेटिंग) शून्य करतो. सर्टिफिकेटचा एरर जातो आणि ४०३ फॉरबिडन येतो. कारण सीडीएन तुमच्या सर्व्हरचं एंटायटलमेंट सर्टिफिकेट मागतं, आणि मध्ये बसलेला फायरवॉल ते पुढे पोचवूच शकत नाही. त्याच्याकडे तुमच्या सर्व्हरची प्रायव्हेट की नाही. हा कनेक्शन मुळात असाच बांधलेला आहे, म्हणून या दोन नावांसाठी तपासणीतून सूट घेणं हा एकच खरा उपाय आहे. सिक्युरिटी टीम आधी नकार देईल. त्यांना वरचं कारण समजावून सांगा आणि सोबत इश्युअरच्या ओळीचा स्क्रीनशॉट जोडा. कारण पटलं की सूट मिळते.

प्रॉक्सी असेल तर तो ‘आरएचएसएम.कॉन्फ’मध्ये लिहा. तिथून तो ‘रेडहॅट.रेपो’मध्येही उतरतो. एपेल किंवा इतर बाहेरच्या रेपोंसाठी मात्र ‘डीएनएफ.कॉन्फ’मध्ये वेगळा द्यावा लागतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर विसंबू नका, सुडो केलं की ते सहसा गळून पडतं.

सर्व्हरचं घड्याळ चुकलेलं असेल तरी सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ किंवा ‘मुदत संपली’ असं दिसतं. जुन्या स्नॅपशॉटवर परतलेल्या मशीनवर हे हमखास घडतं. ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’ एकदा पाहा. तसंही २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांप्रमाणे आपल्याकडच्या संस्थांना आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवून ठेवावीच लागतात. एनटीपी (घड्याळ जुळवणारा सर्व्हर) अजून मिळाला नसेल तर या निर्देशांचा हवाला देऊन मागा.

आता रिलीज लॉक, म्हणजे सर्व्हर एका ठरावीक मायनर आवृत्तीवर अडवून ठेवणं. डेटाबेस किंवा एखाद्या मोठ्या ॲप्लिकेशनच्या व्हेंडरने ‘९.२ वरच राहा’ म्हटलं की कुणीतरी ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर रिलीज --सेट’ करून जातो. पुढे तो माणूस नोकरी बदलतो आणि लॉक तसाच राहतो. सर्व्हर अपडेट मागतो, ‘नथिंग टू डू’ येतं, आणि सगळ्यांना वाटतं की सर्व्हर अद्ययावत आहे. सुरक्षेच्या दृष्टीने मला ही स्थिती एररपेक्षा जास्त घातक वाटते, कारण इथे एररच येत नाही. ‘रिलीज --शो’ चालवा. नंबर दिसला तर तो का घातला ते शोधा, आणि कारण उरलं नसेल तर ‘--अनसेट’ करा. त्या जुन्या मायनर आवृत्तीवर खरोखरच राहायचं असेल, तर तिच्यासाठी वाढीव सपोर्टचं सबस्क्रिप्शन आणि त्याची वेगळी रेपो लागतात. एपेल ९ हे रेड हॅटच्या चालू मायनर आवृत्तीवर बांधलेलं असतं. त्यामुळे मागे अडकलेल्या सर्व्हरवर त्यातली पॅकेजेस ‘नथिंग प्रोव्हाइड्स’ म्हणून अडतात. एपेल लावल्यावर असा एरर आला तर आधी दोन गोष्टी बघा: लॉक आहे का, आणि कोडरेडी बिल्डर चालू आहे का. एपेलमधली अनेक पॅकेजेस त्याच्यावरच उभी आहेत.

‘फिल्टर्ड आउट’ हा शब्द दिसला तर दोष सबस्क्रिप्शनचा नाही. ‘एक्सक्लूड फिल्टरिंग’ असेल तर ‘डीएनएफ.कॉन्फ’मध्ये किंवा व्हर्जनलॉकमध्ये कुणीतरी ते पॅकेज रोखून धरलंय. ‘मॉड्युलर फिल्टरिंग’ असेल तर मॉड्यूल (एकाच सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा गट) आडवं आलंय. रेड हॅट ८ वर पोस्टग्रेस प्रकल्पाचं स्वतःचं रेपो लावणाऱ्यांना हे हमखास भेटतं. तिथे रेड हॅटचं पोस्टग्रेसक्यूएल मॉड्यूल आधी डिसेबल करावं लागतं. रेड हॅट १० मध्ये मॉड्यूलचा हा प्रकारच राहिलेला नाही.

जीपीजी सहीचा एरर आला तर ‘--नोजीपीजीचेक’ देऊन पुढे जाऊ नका. रेड हॅट ९ जुन्या शा-१ पद्धतीच्या सह्या मुळातच मानत नाही, त्यामुळे काही व्हेंडरची जुनी पॅकेजेस अडतात. व्हेंडरकडे नव्या सहीचं पॅकेज मागा. सही न तपासता रूटच्या अधिकाराने काहीही बसवणं मला कुठल्याही सर्व्हरवर मान्य नाही, टेस्ट सर्व्हरवरसुद्धा.

तुमच्या मित्राचा सल्ला. सेंटओएस लिनक्स ८ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, ७ चा ३० जून २०२४ ला. आता उरलंय ते सेंटओएस स्ट्रीम, आणि स्ट्रीम ९ हे रेड हॅट ९ च्या पुढे चालतं. रेड हॅटच्या पुढच्या मायनर आवृत्तीत जे येणार असतं ते तिथे आधी येतं. म्हणजे एका डेव्हेल पॅकेजसाठी ते रेपो जोडलंत की पुढच्या ‘डीएनएफ अपडेट’मध्ये ग्लिबसी, ओपनएसएसएल, सिस्टिमडी हे सगळं तिकडचं येऊन बसेल, कारण त्यांचे आकडे मोठे आहेत. त्यानंतर रेड हॅटने सुरक्षेची दुरुस्ती काढली तरी डीएनएफला ती जुनी वाटेल आणि तो ती घेणार नाही. काही बिघडलं म्हणून सपोर्टकडे गेलात तर ती पॅकेजेस रेड हॅटची नाहीत म्हणून मदत तिथेच अडेल. हे आधीच झालं असेल तर ‘आरपीएम -क्यूए’च्या क्वेरीत नावासोबत व्हेंडरचा टॅग मागा आणि रेड हॅट सोडून काय काय आहे ते पाहा. मग ते रेपो बंद करून ‘डीएनएफ डिस्ट्रो-सिंक’ने मागे आणता येतं. पण आधी स्नॅपशॉट घ्या आणि डीएनएफ काय काय डाउनग्रेड करणार आहे ती यादी पूर्ण वाचून मगच होय म्हणा. पैशाचीच अडचण असेल, तर वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे आणि ते १६ सिस्टिमपर्यंत चालतं. शिकायला आणि घरच्या लॅबला ते पुरेसं आहे.

तुमचा सर्व्हर एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये असेल तर चित्र थोडं वेगळं. तासाच्या दरात सबस्क्रिप्शनचे पैसे धरलेली इमेज असेल, तर कंटेंट क्लाउड कंपनीच्या आरएचयूआय सर्व्हरवरून येतो. तिथे ‘नॉट रजिस्टर्ड’ दिसणं बरोबरच आहे, आणि रेपोच्या नावांत ‘आरएचयूआय’ असतं. कोडरेडी बिल्डरही तिथलंच चालू करायचं. आणि कंपनीत सॅटेलाइट (कंपनीतूनच पॅकेजेस पुरवणारा रेड हॅटचा सर्व्हर) असेल तर ‘आरएचएसएम.कॉन्फ’मध्ये होस्टनेमच्या जागी त्याचं नाव दिसेल. मग पॅकेज न सापडण्याचं कारण बहुधा कंटेंट व्ह्यूमध्ये (सॅटेलाइटवर ठरवलेल्या रेपोंच्या संचात) असतं. रेपो सिंक झालंय, पण नवीन व्हर्जन पब्लिश करून तुमच्या एन्व्हायर्नमेंटला प्रमोट केलेलं नाही. सर्व्हरवर कितीही खटपट केलीत तरी ते तिथून सुटणार नाही.

शेवटी सीनियरांचा सल्ला. पुन्हा रजिस्टर केल्याने कधीकधी खरंच काम होतं, म्हणून तो सल्ला टिकून आहे. का होतं ते बघा. ‘रेपोज --इनेबल’ने चालू केलेली रेपो आणि रिलीज लॉक या दोन्हींची नोंद पोर्टलवर त्या सर्व्हरच्या ओळखीखाली असते. अनरजिस्टर केलं की ती जाते. लॉकमुळे अडलेलं काम त्यामुळे सुटतं. पण त्याच झटक्यात कोडरेडी बिल्डर पुन्हा बंद होतं, आणि व्हेंडरसाठी मुद्दाम घातलेला लॉकही जातो. त्यानंतरच्या अपडेटमध्ये डेटाबेसचा सर्व्हर रातोरात पुढच्या मायनर आवृत्तीवर गेलेला असतो. म्हणून आधी ‘रेपोज --लिस्ट-इनेबल्ड’ आणि ‘रिलीज --शो’ यांचं आउटपुट जपून ठेवा. मग ‘सबस्क्रिप्शन-मॅनेजर रिफ्रेश’ करून पाहा, त्यानंतर ‘डीएनएफ क्लीन ऑल’. सर्टिफिकेट शिळं झालं असेल किंवा कॅश बिघडली असेल तर इथेच सुटतं. त्यानेही नाही झालं तर मात्र पुन्हा रजिस्टर करा, ॲक्टिव्हेशन की आणि ऑर्गनायझेशन आयडी वापरून. व्यक्तीच्या लॉगिनचा पासवर्ड शेल हिस्टरीत राहू देऊ नका.

एवढ्याने नाही सुटलं तर सपोर्ट केस उघडा. ‘नथिंग वर्क्स’ असं लिहू नका. जी कमांड दिली ती, आलेला एरर शब्दशः, ‘/व्हार/लॉग/आरएचएसएम/आरएचएसएम.लॉग’मधल्या त्या वेळेच्या ओळी आणि ‘सॉस रिपोर्ट’ची (सर्व्हरची माहिती गोळा करणारी कमांड) फाइल जोडा. फाइल बाहेर पाठवण्याआधी ‘सॉस क्लीन’ चालवून आतले आयपी आणि होस्टनेम झाका. बँकेचं किंवा एनबीएफसीचं काम असेल तर तुमच्या सिक्युरिटी टीमला ते तसंही लागेलच.